गोजाबाईनं उचललेला भंडारा

निघोज्याच्या खालच्या वाडीत चंपाषष्ठीला सोंगं निघत, आणि त्या सोंगांचे मुखवटे गोजाबाई करी. चाकणहून रद्दी आणायची, रांजणात भिजत घालायची, कुटून तिचा लगदा करायचा, त्यात चिंचोक्याची खळ घालायची आणि किडा लागू नये म्हणून मूठभर मेथीचं पीठ. मग तो लगदा साच्यावर थापून उन्हात. रंग घरचेच असत: गेरू, पिवडी, काजळी, नीळ. नवरा होता तोवर हे काम त्याच्याकडे होतं. तो गेल्यावर तिच्याकडे आलं, आणि लोक म्हणू लागले की बाईच्या हातचा दैत्य जास्त भेसूर दिसतो. त्यात काही खोटं नव्हतं. तिनं केलेला मल्लासुर गल्लीतून यायला लागला की लहान पोरं आयांच्या पदरात तोंड खुपसत.

एरवी ती चाकणला वखारीत कांदा निवडायला जाई. संध्याकाळी परतताना अंगाला येणारा तो उग्र वास नदीवर कितीही घासलं तरी जात नसे. खंडोबाचं देऊळ झाडायचं कामही तिच्याकडेच होतं. त्याबद्दल तिला कुणी काही देत नसे आणि तिनंही कधी मागितलं नव्हतं. देवळाची पायरी आपल्या हातानं झाडली जाते, एवढाच तिचा वाडीतला मान.

तिला एकच पोरगा, ज्योतीराम. त्या सुमारास पिंपरीच्या माळावर सरकारी कारखान्याचं बांधकाम चाललं होतं. आसपासच्या गावांतली माणसं तिथं पाट्या टाकायला जात, आणि त्यांच्या मागं शाळा बुडवून पोरंही जात. ज्योतीराम असाच गेला आणि थोराड पोरांच्या नादी लागला. त्यांनी एक दिवस तांब्याची तार लांबवली. ती पोरं पळाली. हा तारेचं भेंडोळं डोक्यावर घेऊन हौदावर पाणी प्यायला थांबला, तिथंच सापडला.

हवालदार झडतीला वाडीत आला तेव्हा गोजाबाई दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "माझा पोरगा कालपासनं घरातच हाय. ताप आलाय त्याला. निजलाय."

हवालदार म्हणाला, "बाई, तुझा पोरगा चौकीत बसलाय. तिथनंच आलोय मी."

जमलेली सगळी वाडी हसली. पोराच्या चोरीपेक्षा वाडीनं हा आईचा खोटेपणा जास्त दिवस लक्षात ठेवला. पाणवठ्यावर बाया विचारायच्या, "गोजाबाई, ताप उतरला का गं पोराचा?" ती मान खाली घालून घागर उचलायची.

ज्योतीरामला पुण्याला रिमांड होममध्ये ठेवलं. त्याची सुनावणी पोरांसाठी असलेल्या वेगळ्या कोर्टात झाली. गोजाबाई भीत भीत गेली होती. तिथं पिंजरा नव्हता, काळे डगले नव्हते. टेबलामागं खुर्चीवर एक बाई बसली होती आणि ती ज्योतीरामला विचारत होती, "शाळेत कितवीत होतास रे? सुटलास तर पुन्हा जाशील का?" गोजाबाईला ते सगळं स्वप्नासारखं वाटलं. बाहेर आल्यावर प्रोबेशनचे साहेब, बबनराव म्हणून एक शांत गृहस्थ होते, त्यांनी तिला बाकावर बसवून समजावलं. "पोरगं वाईट नाही. घरी द्यायला आमची हरकत नाही. पण तुम्ही दिवसभर कामाला जाणार, तेव्हा वाडीनं त्याच्यावर लक्ष ठेवलं पाहिजे. चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशी मी येतो, तुमच्या पाटलांशी बोलतो. गाव नको म्हणालं, तर मात्र त्याला लांबच्या शाळेत पाठवावं लागेल. अठरा वर्षांचा होईपर्यंत."

पाटील म्हणजे आबाजी. माणूस दुष्ट नव्हता. पण एखादी जबाबदारी अंगावर येतेय असं दिसलं की तो उपरण्यानं घाम पुसत उठायचा आणि कुणाच्या तरी गोठ्यात म्हैस बघायला जायचा.

त्याच वर्षी वाडीच्या शाळेवर सुमनताई आल्या. मूळच्या पुण्याच्या, वयानं लहान, पण पोरांना आवाज न चढवता गप्प बसवणाऱ्या. एके दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी पाहिलं, पोरांनी एकाला लिंबाला बांधलं होतं आणि बाकीचे त्याला रुमालाच्या पिळानं झोडत होते. बांधलेला हसत होता, पण डोळ्यांत पाणी होतं.

"हा कसला खेळ?"

"ज्योत्या," पोरं म्हणाली.

"ज्योत्या म्हणजे?"

"ज्याच्यावर राज्य तो ज्योत्या. त्याला बांधायचं आन् बडवायचं."

सुमनताईंनी शाळा सुटल्यावर चौकशी केली आणि मग त्या थेट गोजाबाईच्या घरी आल्या. त्या कोर्टात काय काय झालं ते त्यांनी तिला खोदून खोदून विचारलं. बाई कुठं बसली होती, पोराला उभं केलं होतं की बसवलं होतं, कोण काय बोललं. शेवटी म्हणाल्या, "मावशी, मी या पोरांचं एक नाटक बसवते. सोंगांच्या दुसऱ्या दिवशी, देवळापुढं. नाव दुसरं, चोरी दुसरी. तुम्ही मुखवटे कराल?"

"लोक वळखतील, ताई."

"ओळखू देत. पण पोरांनी एकदा त्या मुलाच्या जागी उभं राहून बघितलं पाहिजे."

तालमी गोजाबाईच्या अंगणातच होऊ लागल्या, कारण लगदा आणि रंग तिथंच होते. पहिल्या दिवशी भांडणं झाली. सगळ्यांना हवालदार व्हायचं होतं. चोर व्हायला कुणी तयार नाही. न्यायाधीशाचं काम ताईंनी पाटलाच्या नातीला, इंद्रायणीला दिलं, तर न्हाव्याचा चिमाजी उखडला.

"बाई कवा न्यायाधीस असती का?"

"असती," गोजाबाई मुखवट्याला खळ लावता लावता म्हणाली. "मी बघितलीया. चष्मा व्हता तिला."

झालं. इंद्रायणीला चष्मा पाहिजे झाला. गोजाबाईनं बोरूच्या काडीचा करून दिला. ती तो नाकावर घालून आजोबांसारखी खाकरायची, आणि पोरं लोळून हसायची.

चोराचं काम ताईंनी पाळीपाळीनं प्रत्येकाला करायला लावलं. प्रत्येकानं कोर्टात उभं राहून सांगायचं की मी का चोरलं. आधी पोरं नुसती खिदळत. मग एक दिवस चिमाजी उभा राहिला आणि बोलता बोलता थांबला. "ताई, ह्याला घरी कुणी इचारलंच नसंल का, तू कुठं जातूस म्हणून?" लिंबाखालचा तो खेळ त्या आठवड्यापासून बंद झाला. कुणी बंद करा म्हणालं नव्हतं. गोजाबाईनं हे पाहिलं, आणि पोराला नेल्यापासून पहिल्यांदाच तिनं त्याचं अंथरूण उन्हात टाकलं.

नाटकाचा शेवट ताईंनी असा बांधला होता: न्यायाधीश म्हणणार, हे पोर घरी द्यावं असं मला वाटतं, पण गाव घेईल का? मग ती बेल-भंडाऱ्याचं ताट पुढं करणार. प्रेक्षकांत बसलेल्या चिमाजीनं उठायचं, भंडारा उचलायचा, म्हणजे देवाची शपथ घ्यायची, आणि म्हणायचं, "आमचं पोर आमी सांभाळू." की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या.

ताटात भंडाऱ्याऐवजी पिवडी, रंगाची पिवळी माती, घालायची असं ठरलं होतं. घरात पिवडीचं मडकं भरलेलं होतं. पण नाटकाच्या सकाळी देवळाची पायरी झाडताना गोजाबाईच्या मनात आलं, देवाच्या दारात, त्याच्या डोळ्यांसमोर, ताटात माती घालून तिला भंडारा कसं म्हणायचं? आधीच एकदा खोटं बोलून बसलेय. आता पोराच्या कामात काही खोटं नको. तिनं गाभाऱ्यातल्या वाटीतला खरा भंडारा घेतला, वर बेलाचं पान ठेवलं आणि ताट झाकून आणलं. सुमनताईंना तिनं हे सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नाही.

दुपारी देवळापुढचं पटांगण भरलं. पुढं घोंगडीवर आबाजी पाटील, शेजारी पुण्याहून आलेले बबनराव. बाया एका बाजूला. नाटक चांगलं रंगलं. हवालदाराच्या मिशा गळून पडल्या तेव्हा पटांगण हसलं, आणि चोर झालेला पोरगा "मला भूक न्हवती लागली, मला त्यांच्यासंगं जायाचं व्हतं" असं म्हणाला तेव्हा एका म्हातारीनं पदर डोळ्याला लावला. गोजाबाई बायांच्या मागं भिंतीला टेकून उभी होती. बबनराव पुढं वाकून ऐकताहेत हे तिला दिसत होतं.

इंद्रायणीनं काडीचा चष्मा सावरला, खाकरली आणि म्हणाली, "हे पोर घरी द्यावं असं मला वाटतं. पण गाव घेईल का?" आणि ताट पुढं केलं.

चिमाजी उठला. तोच आबाजीनं हात वर केला.

"थांब रं. पोरासोरांनी भंडारा उचलायचा नसतो." त्यानं वाकून ताटात बोट बुडवलं, हुंगलं, कपाळाला लावलं. "हा तर खरा भंडारा हाय. कुणी आणला?"

"मी आणला," गोजाबाई मागून म्हणाली.

"मग तूच ये की पुढं. ह्यातलं तुला जास्त कळतंय." बायांत खसखस पिकली. आबाजीलाही जरा चेव आला. "बघू बरं, आता तरी खरं बोलतीस का."

सुमनताई पुढं झाल्या. "पाटील, हे नाटक आहे. हे काम चिमाजीचं आहे."

"ताई, नाटक तुमचं. भंडारा देवाचा हाय."

गोजाबाई पुढं आली. माणसांनी वाट दिली. तिला समोर बबनरावांचा चेहरा दिसत होता, आणि कानांत ते जुनं हसू होतं. तिच्या मनात त्या वेळी एवढंच होतं: आता जर मी म्हणाले पोराला घ्या, तर वाडी म्हणेल, बघा, पुन्हा चोराला पाठीशी घालतेय. साहेबही म्हणतील, असल्या आईच्या हातात पोर काय द्यायचं. नाटकातलं पोर काही आपलं नव्हे. त्याला कडक बोललं तर आपली किंमत वाढेल. मग साहेब पाटलाला विचारतील तेव्हा पाटील म्हणेल, बाई आता सुधारली, द्या तिचं पोर.

तिनं भंडारा उचलला. मूठ कपाळाला लावली. आणि मोठ्यानं म्हणाली, "ज्यानं गावाचं नाव घालवलं, त्याला गावात घिऊ नये."

पुढं तिला म्हणायचं होतं, शिक्षा पुरी झाली की मग घ्यावा. पण भंडारा उचलून कुणी बोललं की पाठोपाठ आरोळी उठायची ही तिथली रीत. मागच्या कुणीतरी "येळकोट येळकोट" केलं, साऱ्या पटांगणानं "जय मल्हार" म्हटलं, आणि तिचं वाक्य अर्धंच राहिलं. तिनं पुन्हा तोंड उघडलं. पण लोक उठून धोतरं झटकत होते.

बबनराव पाटलांना बाजूला घेऊन काही बोलले. आबाजीनं उपरण्यानं घाम पुसला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसत होतं.

"साहेब, आता आमी काय बोलणार? आईनंच भंडारा उचललाय. आमी त्याला वाडीत घेतला तर देवाचं मोडल्यासारखं हुईल."

"अहो, त्या नाटकातल्या मुलाबद्दल बोलल्या," सुमनताई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता.

"ताई, तुमी शिकल्यासवरल्या. पण नाटकातला पोरगा कोण, ते काय आमाला कळत न्हाई व्हय?"

त्या संध्याकाळी सुमनताई गोजाबाईच्या चुलीपुढं बसल्या. गोजाबाई भाकरी थापत होती, कारण हाताला काहीतरी पाहिजे होतं. भाकरी कुणालाच खायची नव्हती.

"मावशी, साहेब आज निघोज्याला मुक्कामाला आहेत. सकाळी जातील. त्याआधी पाटलाकडं जा. म्हणा, ताटात पिवडी होती. मी खोटंच भंडारा म्हणाले. मग शपथ उरतच नाही."

"त्यांनी हुंगून बघितलाय."

"हळद मिसळली होती म्हणा."

"आन् देवाला काय म्हणू?"

सुमनताई म्हणाल्या, "देव समजून घेईल. पाटील नाही घेणार."

सकाळी गोजाबाई पाटलाच्या ओट्यापुढं उभी राहिली. आत जायची तिची प्राज्ञा नव्हती. तिनं सांगितलं, "पाटील, ती पिवडी व्हती. वर चिमूटभर हळद टाकलेली. भंडारा न्हवता त्यो."

आबाजी दात घासत होता. त्यानं चूळ टाकली आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

"खरं सांगतीस?"

"व्हय."

"म्हंजी देवाच्या दारात तू माती ठिवलीस. माझ्या नातीच्या हातात दिलीस. मी ती कपाळाला लावली." तो शांतपणे बोलत होता, आणि म्हणूनच ते जास्त लागत होतं. "खरा असंल तर तुझा शब्द तुला मोडता येत न्हाई. खोटा असंल तर असल्या आईचं पोर मी कुठल्या तोंडानं मागून घिऊ? तूच सांग, गोजा. साहेबास्नी काय सांगू?"

दारात इंद्रायणी उभी होती. कालचं काजळ डोळ्यांत तसंच होतं. "आज्जा, पण मी तर त्याला घरी सोडला की."

"तू गप. आत जा."

"मी न्यायाधीस व्हते."

"आत जा म्हणतो ना!"

ती आत गेली आणि आतून तिच्या रडण्याचा आवाज आला. गोजाबाईला वाटलं, काल त्या पटांगणात ज्योतीरामच्या बाजूनं बोलणारं एवढंच एक माणूस होतं.

त्यानंतर देवळाची पायरी झाडायला तिला कुणी बोलावलं नाही. तीही गेली नाही. मुखवट्यांचे साचे तिनं चिमाजीच्या हवाली केले. सुमनताईंनी पुण्याला खेटे घातले, अर्जविनंत्या केल्या. बबनरावांनी त्यांना सांगितलं ते एवढंच, की मुलाला जिथं परत पाठवायचं तिथं त्याला कुणी दारात उभं करणार नसेल, तर मी ते पोर पुन्हा तारेच्या भेंडोळ्याकडंच पाठवल्यासारखं होईल. ते खरंही होतं.

गोजाबाईनं मग एक केलं. वाडी घेत नाही ना, मग वाडीच नको. ती पिंपरीला गेली, त्याच माळावर, जिथं तिचं पोर चुकलं होतं. तिथं परगावची माणसं होती, मराठवाड्यातली, कोकणातली, फाळणीनंतर सिंधमधून आलेली. कुणी कुणाचा भंडारा विचारत नव्हतं. तिनं गवंड्याच्या हाताखाली विटा वाहिल्या आणि पत्र्याचं खोपटं उभं केलं. पोराला इथं देता येईल का, ते बबनराव बघायला आले. पत्र्यातून ऊन खाली सांडत होतं, दाराला कडी नव्हती. साहेब ओशाळून म्हणाले, "थोडं पक्कं होऊ द्या." तोवर ज्योतीरामला लांबच्या शाळेत हलवलं होतं.

जायच्या आधी एकदा तिला भेटू दिलं होतं. त्याला नाटकाचं कळलं होतं. सुमनताईंनीच कधीतरी सांगितलं असावं.

"आई, शेवट काय झाला?"

ती खोटं बोलू शकली असती. जिभेवर आलंही होतं.

"इंद्रायणीनं घरी सोडला," ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "आन् मी नको म्हणाले. भंडारा उचलून."

"तू कशाला नाटकात गेलीस पण," एवढंच ज्योतीराम म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर गोजाबाईनं तो पदरात बांधून नेला असता.

वर्षं गेली. पत्र्याच्या जागी विटा आल्या, दाराला कडी आली. गोजाबाईचे केस पांढरे झाले. गणपतीत कामगारांची पोरं कसलं कसलं नाटक करत, तिला मुखवटे करायला बोलवत. ती मुखवटे करून देई, पण नाटक बघायला कधी थांबत नसे.

अठरावं सरल्यावर ज्योतीराम आला. उंच झाला होता, सुतारकाम शिकला होता, केस बारीक कापलेले. तिनं वांग्याचं कालवण केलं होतं. तो जेवायला बसला, पण ती "जेव" म्हणेपर्यंत त्यानं भाकरीला हात लावला नाही. जेवण झाल्यावर स्वतःचं ताट धुऊन पालथं घातलं. अंथरुणाची घडी इतकी काटेकोर घातली, की तिला ती उलगडावीशी वाटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा गाळत होती. बाहेर कामाला जाणाऱ्या माणसांची वर्दळ सुरू झाली होती. ज्योतीराम दारापर्यंत गेला आणि उंबऱ्याच्या आत थांबला.

"बाहेर जाऊ का?" त्यानं विचारलं.

गोजाबाईला आधी कळलंच नाही की तो तिलाच विचारतोय. मग कळलं. हातातलं फडकं तसंच राहिलं. एक शब्द बोलायचा होता, आणि तो लवकर बोलायला हवा होता. पोरगा दारात पाठमोरा उभा होता, वाट बघत.

"जा," ती शेवटी म्हणाली. "जा की बाबा. आन् ये माघारी. कवाबी ये."

तो बाहेर गेला. ती दारात येऊन त्याच्या पाठीकडं बघत राहिली. कोपऱ्यावर जाऊन तो थांबला. डावीकडं जावं की उजवीकडं, हे त्याला ठरवता येत नव्हतं.